काकूंची चक्कर आणि कानातला ओळंबा

मागच्या वेळी आपण कर्जाचे हप्ते आणि बँकेच्या कागदपत्रांबद्दल बोललो होतो. आज विषय वेगळा आहे. आज चक्करेबद्दल बोलायचंय. पण सुरुवात फुगडीपासून करू.

नागपंचमीला, गौरीच्या जागरणाला आपण फुगडी घालतो. पायाला पाय लावलेले, हातांची तिढी घट्ट, अंग मागे सोडलेलं. गरगर फिरतो तोवर मजा असते. खरी गंमत थांबल्यावर सुरू होते. आपण उभ्या आहोत, तुळशीवृंदावन जागच्या जागी आहे, तरी अख्खं अंगण फिरायला लागतं. आपण हसत खाली बसतो आणि थोड्या वेळात सगळं शांत होतं. लहानपणापासून हे करत आलोय, पण थांबल्यावरच का फिरतं, हे आम्ही कधी कुणाला विचारलं नव्हतं. विचारायची वेळ आमच्या गटातल्या काकूंमुळे आली.

काकूंनी पन्नाशी ओलांडलीय. आमच्या गटाच्या सचिव. हिशेबाला इतक्या पक्क्या की दोन रुपये कमी आले तर रात्री घरी येऊन विचारतील. एका पहाटे त्या उजव्या कुशीवर वळल्या आणि घराचं छप्पर गरगर फिरलं. उलटी झाली. अर्ध्या-एक मिनिटात थांबलं, पण पुन्हा आडवं व्हायला गेल्या की पुन्हा तेच. वरच्या फळीवरचा मसाल्याचा डबा काढायला मान वर केली, तरी तेच.

मग सुरू झाले सल्ले. कुणी म्हणालं, उपवास फार करतेस, अशक्तपणा आलाय. कुणी म्हणालं पित्त. कुणी म्हणालं देवीचं काही राहिलंय का बघ. एका दवाखान्यात सलाईन लावलं. दुसरीकडे मानेचा एक्स-रे काढला, मणक्यांत गॅप आहे म्हणाले आणि पट्टा दिला. काकू चार महिने गळ्यात पट्टा घालून, भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपल्या. मसाल्याच्या ऐन मागणीच्या दिवसांत त्यांचं डंकावर जाणं थांबलं, म्हणजे तेवढी कमाईही थांबली.

आणि आम्ही काय केलं? बैठकीत ठराव घेऊन सचिवपद दुसरीला दिलं. त्यांना ताण नको म्हणून. केलं काळजीपोटीच, पण त्यांना एका शब्दानं विचारलं नाही. हे आज इथं सांगायलाच हवं.

शेवटी आशाताई रक्तदाबाच्या नोंदी घ्यायला आल्या होत्या, त्यांनी सहज विचारलं, "काकू, चक्कर येते म्हणजे नेमकं काय होतं? डोळ्यांपुढे अंधारी येते, की घर फिरतं?" काकू म्हणाल्या, "घर फिरतं. तेही कूस बदलली तरच." चार महिन्यांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. आशाताईंनी त्यांना तालुक्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आमच्यापैकी दोघी बरोबर गेलो. कानाच्या डॉक्टरांकडे कशाला, असं वाटेत आम्हीच म्हणत होतो, कारण काकूंना ऐकू तर अगदी नीट येतं.

तर आधी कानाचंच सांगतो.

घरी एक प्रयोग करून बघा. परातीत पाणी घ्या, वर चिमूटभर हळद टाका. आता परात हळूच गोल फिरवा. परात फिरते, पण हळद सुरुवातीला जागच्या जागी राहते, कारण पाणी मागे राहतं. फिरवतच राहिलात की पाणीही परातीबरोबर फिरू लागतं. मग परात एकदम थांबवा. परात थांबली, पाणी मात्र फिरतंच राहिलं.

आपल्या कानात, पडद्याच्याही आत, कवटीच्या हाडात अशाच तीन बारीक नळ्या आहेत. डाव्या कानात तीन, उजव्या कानात तीन. अर्धवर्तुळासारख्या वळलेल्या आणि एकमेकींशी काटकोनात. त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. डोकं कोणत्याही बाजूला वळलं तरी तिघींपैकी एकीत तरी द्रव मागे राहतो. प्रत्येक नळीत एके ठिकाणी पातळ, लवचिक पडदा असतो. द्रवाच्या रेट्यानं तो वाकतो, त्याच्या बुडाशी असलेल्या केसासारख्या बारीक तंतूंना ते कळतं, आणि तिथून मेंदूला निरोप जातो: डोकं वळलं, या बाजूला, एवढ्या वेगानं. फुगडीत द्रवही आपल्याबरोबर फिरू लागतो. आपण थांबतो, तो थांबत नाही. कान सांगतो अजून फिरतेय, डोळे आणि पाय सांगतात थांबलोय. तो घोळ म्हणजे फुगडीनंतरची चक्कर.

नळ्यांच्या शेजारी दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांचं काम गवंड्याच्या ओळंब्यासारखं. ओळंबा सोडला की भिंत सरळ आहे की कललीय ते कळतं, तसं या पिशव्या मेंदूला वर कुठं आणि खाली कुठं ते सांगतात. पिशवीत चिकट थर असतो आणि त्यावर अगदी बारीक खडे बसलेले असतात. खडू आणि चुनखडी ज्या पदार्थाची असते, त्याच कॅल्शियम कार्बोनेटचे हे खडे. डोकं कललं की खड्यांच्या वजनानं तो थर सरकतो. एसटीनं करकचून ब्रेक मारला, तर डोळे मिटलेले असले तरी आपल्याला कळतं, ते यांच्यामुळेच. ऐकण्याचा शंख आणि ही तोल सांभाळणारी यंत्रणा एकमेकांना लागून आहेत, पण कामं वेगळी. म्हणून ऐकू नीट येऊनही तोल बिघडू शकतो. काकूंचं तेच होतं.

पण नुसत्या कानावर मेंदू विसंबत नाही. तो तीन साक्षीदार घेतो. दुसरा साक्षीदार डोळे. तळहात तोंडासमोर धरून त्यावरच्या रेषा बघा. हात झपझप डावीउजवीकडे हलवा, रेषा पुसट होतील. आता हात स्थिर ठेवा आणि डोकं तेवढ्याच वेगानं हलवा. रेषा दिसत राहतात! कारण डोकं एका बाजूला वळलं की कानाचा निरोप थेट डोळ्यांच्या स्नायूंकडे जातो आणि डोळे तेवढेच उलट्या बाजूला वळतात. याला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. हे नसतं तर चालताना समोरचा रस्ता हलत्या मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओसारखा दिसला असता.

तिसरा साक्षीदार म्हणजे आपले तळवे, घोटे, गुडघे आणि मान. चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी आणि कडेला पोर घेऊन बांधावरून येणारी बाई पायाकडे बघत नसते. बघूच शकत नाही. बांध कुठं ओला आहे, कुठं निसरडा, ते तळवे सांगतात आणि घोटे सावरून घेतात.

या तिघांच्या साक्षी मेंदूत एकत्र येतात. डोक्याच्या मागच्या बाजूला, खाली, अनुमस्तिष्क म्हणून मेंदूचा एक छोटा भाग आहे. मेंदूच्या एकूण वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा, पण मेंदूतल्या निम्म्याहून जास्त चेतापेशी एकट्या त्याच्यात असतात. साक्षी जुळतात का हे बघायचं, चुकलं तिथं सुधारायचं आणि सुधारलेलं लक्षात ठेवायचं, यात त्याचा मोठा हात आहे. मूल पडत पडत चालायला शिकतं ते असंच.

साक्षी जुळल्या नाहीत की काय होतं, ते पसरणी घाटात एसटीनं जाणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. पाचगणीला प्रदर्शनाला जाताना आमच्यातल्या एकीनं वाटेत मोबाईल बघत मालाची यादी तपासली आणि वरती पोचेपर्यंत बिचारीची दशा झाली. कान म्हणत होते वळण, वळण, वळण. डोळे म्हणत होते, मोबाईल तर हलतच नाही. म्हणून घाटात पुढच्या बाजूला बसावं आणि दूरच्या डोंगराकडे बघावं. डोळ्यांनाही वळण दिसलं की भांडण कमी होतं.

आता कानाचा आणि चक्करेचा हा संबंध डॉक्टरांना तरी कधी कळला? फार जुनी गोष्ट नाही. पूर्वी युरोपातही चक्कर म्हणजे मेंदूत रक्त साचलं असं समजून रक्त काढत, जळवा लावत. १८६१ साली पॅरिसमधल्या मूकबधिरांच्या संस्थेत काम करणाऱ्या प्रॉस्पेर मेनिएर या डॉक्टरांनी मांडलं, की चक्कर आतल्या कानातूनही येऊ शकते. पुढे व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी ते पक्कं केलं. कान धुताना पाणी गार असलं की रोग्याला चक्कर येते आणि डोळे एका बाजूला झटके मारतात, पाणी जास्त गरम असलं की झटके उलट्या बाजूला, हे त्यांच्या लक्षात आलं. पाण्याच्या तापमानामुळे आतला द्रव हलतो, हे त्यांनी ओळखलं. या कामाला १९१४ चं नोबेल पारितोषिक मिळालं, आणि बातमी आली तेव्हा डॉक्टर पहिल्या महायुद्धात रशियाच्या कैदेत होते! (जाता जाता: कानात गार पाणी, कढत तेल, लसणाचा रस घालणाऱ्या आज्या अजून घरोघरी आहेत. त्यांना ही गोष्ट सांगा.)

काकूंच्या कानात काय झालं होतं? ओळंब्याच्या पिशवीतले काही खडे सुटून शेजारच्या नळीत गेले होते. वय वाढलं की असं होतं, डोक्याला मार लागल्यावरही होतं, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळतं. आपण ताठ बसलो की खडे तळाशी गप्प असतात. कूस बदलली, मान वर केली की घरंगळतात, द्रवाला ओढतात, आणि तो एकच कान ओरडतो, फिरतेय, फिरतेय. खडे थांबले की चक्कर थांबते. म्हणून ती मिनिटभराच्या आतच असते, पण तेवढ्यात माणूस घाबरून जातो. डॉक्टर याला बीपीपीव्ही म्हणतात.

डॉक्टरांनी काकूंना टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवून झटकन आडवं केलं आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिले. चार-पाच सेकंदांनी डोळे झटके मारू लागले. काकूंनी आमचा हात इतका आवळला की बांगडी फुटली. डॉक्टर मात्र खूश. म्हणाले, सापडलं. मग मान हळूहळू दुसऱ्या बाजूला, मग अंग कुशीवर आणि नाक जमिनीकडे, मग उठून बसायचं, प्रत्येक ठिकाणी थोडं थांबून. नळी वाकडी आहे, म्हणून डोकं फिरवत फिरवत खडे पुन्हा पिशवीत घरंगळत न्यायचे. सुपात दाणे एका कोपऱ्याला आणतो ना, तसंच. अमेरिकेतल्या जॉन एप्ली या डॉक्टरांनी ही पद्धत १९८० च्या सुमारास मांडली, तेव्हा त्यांच्याच व्यवसायातल्या लोकांना ती पटेना. सविस्तर लेख छापून यायला १९९२ साल उजाडलं. आज जगभर हीच वापरतात. गोळी नाही, सुई नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम. दोन दिवस काकूंना जरा तरंगल्यासारखं वाटलं. तिसऱ्या रात्री त्या आडव्या झोपल्या.

मोबाईलवर बघून हे घरी करू नका. कोणत्या कानाचा दोष आहे आणि कोणत्या नळीचा, ते आधी ठरवावं लागतं, आणि मान दुखत असेल तर आणखी जपावं लागतं.

आणि प्रत्येक चक्कर अशी नसते, हेही ऐका. उकिडवं बसून भांडी घासून झटकन उठलं आणि डोळ्यांपुढे काळं आलं, तर घर फिरत नाही, आपण विझत जातो. तिथं कानाचा दोष नाही. मेंदूला क्षणभर रक्त कमी पोचतं. रक्तदाब, कडक उपवास, कमी पाणी पिणं, एखादी गोळी किंवा अंगात रक्त कमी असणं, यांतलं काहीही असू शकतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आढळलं. म्हणजे आपल्या गटात दहा जणी असतील तर पाच-सहा. त्यांनी हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं. काकूंना सलाईन लावून जेवढा उपयोग झाला, तेवढाच यांना मान फिरवून होईल.

कधी सर्दी-तापानंतर एका कानाची नसच सुजते आणि दोन-तीन दिवस सलग सगळं फिरत राहतं. तेव्हा चक्कर दाबणाऱ्या गोळ्यांचा आधार लागतो. पण त्याच गोळ्या महिनोन्‌महिने घेत पडून राहिलं तर मेंदू शिकत नाही. एका कानाची साक्ष खोटी पडतेय हे त्याला हालचालीतूनच कळतं. म्हणून किती दिवस घ्यायच्या, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

आता घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे बघा. वयानं तिन्ही साक्षीदार थकतात. मोतीबिंदूनं डोळे गेले, साखरेनं तळवे बधिर झाले. उरलेला साक्षीदार कसाबसा भार ओढत असतो. तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले की आजी पुढे कोलमडते, कारण तिचा सगळा भरवसा डोळ्यांवर होता. रात्री लघवीला उठल्यावर अंधारात पडते, तेही त्यामुळेच. मोरीत एक बारीक दिवा रात्रभर लावून ठेवा. विजेचं बिल खुब्याच्या ऑपरेशनपेक्षा स्वस्त पडतं.

अंधारातलं आणखी एक. दिवे गेले तरी आपल्याला माजघरातून चुलीपर्यंत जाता येतं. मेंदूत घराचा नकाशा असतो, आणि आपण किती पावलं आलो, कुठं वळलो, हे कान आणि पाय त्या नकाशाला कळवत असतात. जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस या भागात, अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर ठराविक जागी आला की जाग्या होतात. ही पेशी या कोपऱ्याची, ती त्या दाराची. पुढे २००५ मध्ये नॉर्वेच्या माय-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांना शेजारच्या भागात अंतर मोजणाऱ्या पेशी सापडल्या. रांगोळीचे ठिपके कसे सारख्या अंतरावर असतात, तशा ठिपक्या-ठिपक्यांवर त्या जाग्या होतात. तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं, बारानींनंतर बरोबर १०० वर्षांनी.

याचा आपल्याशी संबंध दोन ठिकाणी येतो. म्हाताऱ्या माणसाच्या घरातलं कपाट, खाट उगाच हलवू नका. जुन्या नकाशावर चालताना ती त्यावर आदळतात. आणि जन्मभर पाहिलेल्या गल्लीत आजी वाट चुकू लागली, तर वेड लागलं म्हणून हसू नका. स्मृतिभ्रंशाच्या एका आजारात, अल्झायमरमध्ये, हाच भाग लवकर झिजायला लागतो. विसरण्याइतकंच वाट चुकणंही डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे.

एक गोष्ट मात्र थांबून बघायची नाही. चक्करेबरोबर तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, एकाचे दोन दिसू लागले, किंवा अचानक उभंच राहता येईना, तर १०८ ला फोन करा. तो मेंदूचा झटका असू शकतो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आपल्या गावापासून तसं रुग्णालय किती लांब आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. कांदा हुंगवण्यात त्यातला तास घालवू नका.

आमच्या गटात आता चक्कर आली असं कुणी म्हटलं, की आम्ही चार गोष्टी विचारतो आणि वहीत लिहून देतो. घर फिरतं की अंधारी येते? किती वेळ टिकते, सेकंद, तास की दिवस? काय केलं की येते, कूस बदलली, उठलं, मान वर केली? कानात आवाज येतो का, ऐकू कमी आलंय का? तो कागद घेऊन दवाखान्यात जायचं. डॉक्टरांसमोर बसलं की आपण सगळ्याजणी "चक्कर येते" एवढंच बोलतो आणि गप्प होतो.

सचिवपद आम्ही काकूंना परत देऊ केलं. त्या म्हणाल्या, "आता बघतेय तिचं वर्ष पुरं होऊ दे." वर्ष पुरं झालं तेव्हा त्यांनी वही परत घेतली आणि पहिल्याच दिवशी मधल्या काळातली चाळीस रुपयांची चूक काढली.

हे दुखणं पुन्हा येऊ शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. दिवाळीच्या आधी, फराळाच्या ऑर्डरी चालू असताना, ते आलं. या वेळी काकूंनी कुणाला हाक मारली नाही. उठून बसल्या, फिरणं थांबेपर्यंत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर लावून राहिल्या, आणि सकाळी दवाखान्यात फोन केला: "उजव्या कुशीवर वळल्यावर येते, अर्धा मिनिट राहते, कान ठीक आहेत." दुसऱ्या दिवशीची अकराची वेळ मिळाली. दुपारी तीनला त्या चकल्या पाडायला हजर होत्या.